ओढा आटला तेव्हां

शास्त्रपाठ : १ राजे, अध्याय १७. मननासाठीं विशेषेंकरून वचन ७.



ओढा कसा आटतो हें आमच्या खेड्यांतील माणसाला सांगावें लागत नाहीं. पौष-माघांत वाहतें पाणी बारीक होतें. फाल्गुनांत वाहणें थांबून तें डोहांत उरतें. चैत्र लागला म्हणजे डोहही सुकतो, आणि मग आमच्या आयाबहिणी वाळूंत झिरा खणून, वाटीवाटीनें पाणी उपसून घागर भरीत बसतात. वैशाखांत त्या झिऱ्यालाही ओल राहत नाहीं. जो मनुष्य रोज सकाळीं त्या ओढ्यावर जातो त्याला कोणी येऊन बातमी देत नाहीं. कालच्यापेक्षां आज पाणी कमी आहे आणि उद्यां तें आणखी कमी असेल, हें तो आपल्या डोळ्यांनीं पाहतो.

एलीया संदेष्ट्यानें करीथ ओढ्याच्या कांठीं हेंच पाहिलें. देवाच्या आज्ञेनें तो तेथें गेला होता. अहाब राजापासून लपावयास त्याला ती जागा देवानेंच दाखविली होती. पाणी ओढ्याचें होतें, आणि भाकर व मांस सकाळ-संध्याकाळ कावळे आणीत होते. नियमशास्त्रानें जो पक्षी अशुद्ध गणला (लेवीय ११:१५), त्याच्याच चोंचींतून देवानें आपल्या सेवकाला जेवूं घातलें. इतकी विलक्षण सोय देवानें केली. आणि तरीही थोडा काळ लोटल्यावर तो ओढा कोरडा पडला. त्याचें कारण शास्त्र एवढेंच देतें कीं, त्या देशांत पर्जन्य नव्हता.

प्रियहो, या लहानशा वाक्यापाशीं आज आपण थांबूं. ओढा कोणी शत्रूनें बुजविला नाहीं. एलीयानें कांहीं पाप केलें म्हणून तो सुकला असेंही लिहिलेलें नाहीं. देवानें दिलेला ओढा, देवाची आज्ञा पाळीत असतांना, देवाच्या सेवकाच्या डोळ्यांदेखत आटला. तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं असाच ओढा आटला आहे. कोणाची विहीर गेली, कोणाचा बैल गेला, कोणाचा कर्ता मुलगा गेला, कोणाची नोकरी गेली. आणि रात्रीं दिवा मालवल्यावर हा प्रश्न तुमच्या मनांत येतो : ज्यानें दिलें त्यानेंच हें कां जाऊं दिलें?

पहिली गोष्ट ही कीं, विश्वासी मनुष्याच्या शेतावर निराळें आभाळ नसतें. पाऊस पडणार नाहीं हें अहाबास सांगणारा स्वतः एलीयाच होता. तो दुष्काळ सर्व देशावर आला, तसा तो सांगणाऱ्याच्या ओढ्यावरही आला. प्रभु येशूनें आम्हांस शिकविलें आहे कीं, आपला स्वर्गीय पिता सूर्य आणि पाऊस देतांना चांगला व वाईट असा भेद करीत नाहीं (मत्तय ५:४५). तर मग ऊन व अवर्षण यांचाही वांटा सर्वांच्या पदरीं येतो. १९७२ सालच्या दुष्काळांत आमच्या वडीलधाऱ्यांनीं रस्त्याच्या कामावर खडी फोडली आणि सुकडी खाऊन दिवस काढले. २०१६ सालीं लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. त्या वेळीं पाण्याच्या रांगेंत प्रार्थना करणारे उभे होते व न करणारेही उभे होते.

हें आम्ही अशासाठीं सांगतों कीं, संकटाच्या काळीं दोन प्रकारचे बोल कानीं पडतात, आणि दोन्ही जखमेवर मीठ चोळतात. एक शेजाऱ्यांकडून येतो : तुम्हीं वाडवडिलांचे देव सोडले म्हणून हें झालें. दुसरा, सांगावयास लाज वाटते, आमच्या मंडळींतूनच येतो : त्याचा विश्वास कमी, त्याच्या घरांत कांहीं गुप्त पाप असावें. पहिल्या बोलाला उत्तर हें कीं, एलीयाच्या काळीं तो दुष्काळ सीदोन देशासही पोंचला होता. त्या देशाचे लोक पाऊस देणारा म्हणून बआलाला भजत असत, आणि त्यांच्याही दारीं विधवा उपाशी मरूं लागली होती. दुसऱ्या बोलाला उत्तर ईयोबाच्या पुस्तकांत आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्यानें बसले तोंवर ते खरे मित्र होते. मग त्यांनीं तोंड उघडून त्याचें पाप शोधावयास आरंभ केला, आणि शेवटीं देवाचा राग ईयोबावर न होतां त्या मित्रांवर झाला (ईयोब ४२:७). म्हणून उपदेशकांनो, ज्या घरांत दुःख आहे त्या घरांत पापाची झडती घ्यावयास जाऊं नका. तेथें ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस पुरे आहेत.

दुसरी गोष्ट नीट लक्ष देऊन पाहा. ओढा आटल्याचें सातव्या वचनांत लिहिलें आहे आणि देवाची पुढची आज्ञा आठव्या वचनांत आहे. पाणी निम्मे झालें तेव्हां देवानें त्याला पुढची जागा सांगितली नाहीं. वाळू दिसूं लागली तेव्हांही सांगितली नाहीं. ओढा सुकल्यावर वचन आलें. त्या मधल्या दिवसांत एलीयाच्या मनांत काय चाललें होतें हें शास्त्र सांगत नाहीं, व आम्हीही तें रचून सांगणार नाहीं. तो आमच्यासारख्याच स्वभावाचा मनुष्य होता असें याकोब म्हणतो (याकोब ५:१७), तेव्हां त्याला भीति वाटलीच नसेल असें कोणी समजूं नये. एवढें मात्र दिसतें कीं, वचन येईपर्यंत तो तेथें राहिला आणि वचन आल्यावर तेथून उठला.

विश्वास म्हणजे हेंच. पुढचा ओढा कोठें आहे हें ठाऊक असणें म्हणजे विश्वास नव्हे. तें ठाऊक असेल तर विश्वासाची गरज काय? देव एका ओढ्याशीं बांधलेला नाहीं, हें धरून राहणें म्हणजे विश्वास. करीथ आटला, पण करीथ दाखविणारा आटला नाहीं. आमचें भजन ओढ्याचें नसून ओढा देणाऱ्याचें आहे, हें ओढा भरून वाहत असतांना आम्हांस कळत नाहीं. तो सुकल्यावरच तें कळूं लागतें.

आणि उठून जाणें हाही विश्वासच असूं शकतो. दसरा-दिवाळीनंतर आमच्या कितीएक मंडळ्यांतील कुटुंबें बैलगाड्या जुंपून किंवा ट्रकांत बसून ऊसतोडणीस जातात. प्रार्थनामंदिराचे बांक रिकामे पडतात, आणि मागें राहिलेले म्हातारे म्हणतात, यांचा देवावर भरंवसा नाहीं. असें म्हणूं नका. एलीयालाही आपला ओढा सोडून परक्या देशीं जावें लागलें, आणि देवानेंच त्याला जावयास सांगितलें. पोटासाठीं गांव सोडणें हा अविश्वास नव्हे. विहिरीचा गाळ काढणें, सरकारी मदतीसाठीं अर्ज करणें, आजाऱ्याला दवाखान्यांत नेणें हाही अविश्वास नव्हे. देव कावळ्यांकडून भाकर पाठवितो, तसाच तो हातांतील कोयत्याकडून व वैद्याच्या औषधाकडूनही पाठवितो. जाणाऱ्यांस मात्र एक विनंती आहे : कोपीवर शुभवर्तमानाचें पुस्तक सोबत न्या, आणि प्रभूच्या दिवशीं दोन कुटुंबें तरी एकत्र बसा. आणि मागें राहणाऱ्यांस ही विनंती कीं, उपासनेंत त्यांचीं नांवें घेऊन प्रार्थना करा.

तिसरी गोष्ट ही कीं, देवानें पुढची सोय कोठें केली होती तें पाहा. मोठ्या कोठारांत नव्हे. सारफथ येथें एक विधवा होती. तें गांव सीदोनचें, आणि जिच्या भयानें देवाचे संदेष्टे लपत होते त्या ईजबेल राणीचा बाप सीदोनी लोकांचा राजा होता (१ राजे १६:३१). अशा मुलखांत, परधर्मी लोकांत, सर्वांत दरिद्री घर देवानें निवडलें. एलीया पोंचला तेव्हां ती बाई वेशीजवळ काटक्या वेंचीत होती. मडक्यांत मूठभर पीठ, कुपींत थोडें तेल, एवढेंच तिच्याजवळ होतें. शेवटची भाकर भाजून आपण व आपला मुलगा खाऊं, मग मरण येईल तें येवो, असा तिचा निश्चय झाला होता. तिच्याजवळ देवाच्या माणसानें प्रथम पाणी मागितलें व मग भाकर मागितली.

प्रियहो, मागणें हें देण्याहून कठीण असतें. ज्यानें राजासमोर उभें राहून दुष्काळ जाहीर केला, त्याला एका भुकेल्या बाईपुढें हात पसरावा लागला. आमच्यामध्यें असे मानी बंधु आहेत कीं ते उपाशी राहतील पण मंडळीस कळूं देणार नाहींत. त्यांनीं एलीयाकडे पाहावें. देवाची सोय पुष्कळदां माणसाच्या हातांतून येते, आणि तो हात कधीं कधीं आमच्याहून गरीब असतो.

त्या मडक्याकडेही पाहा. तें पिठानें भरून वाहूं लागलें असें कोठेंही लिहिलेलें नाहीं. तें सरलें नाहीं, एवढेंच लिहिलें आहे. पाऊस पडेपर्यंत तिच्या घरीं पोत्यांची थप्पी लागली नाहीं. रोज हात घालावा आणि त्या दिवसापुरतें निघावें, असें तें चाललें. प्रभूनें आम्हांस रोजची भाकर मागावयास शिकविलें, वर्षाची नव्हे. वर्षाची तरतूद दिसत नाहीं म्हणून रडणाऱ्या मनुष्यानें आजची भाकर ताटांत आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि असेल तर आजचे आभार आज मानावे.

आमच्या महाराष्ट्रांतही एका विधवेच्या घरीं सारफथची गोष्ट घडली. पंडिता रमाबाई यांचा जन्म १८५८ सालीं झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. ते बायकामुलांसह तीर्थोतीर्थीं पुराण सांगत फिरत असत. १८७४ च्या सुमारास दक्षिणेंत त्या कुटुंबाची अन्नान्नदशा झाली, आणि वडील, आई व थोरली बहीण हीं तिघें थोड्याथोड्या अंतरानें गेलीं. रमाबाई व त्यांचे बंधु पायीं भटकत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं. १८८० सालीं बंधु वारले. १८८२ सालीं पति वारले, आणि कडेवर मनोरमा ही लहान मुलगी घेऊन त्या विधवा झाल्या. एकामागून एक असे त्यांचे किती ओढे आटले तें मोजा. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पुढें १८९६-९७ चा दुष्काळ पडला, तेव्हां त्या मध्यप्रांतांत जाऊन उपाशी मुली व विधवा यांस घेऊन आल्या. १९०० सालीं गुजराथेंतील दुष्काळपीडित मुलींसही त्यांनीं आश्रय दिला. केडगांवच्या मुक्तिसदनांत अशा शेंकडों जणी जगल्या, लिहावयास-वाचावयास शिकल्या, कामधंदा शिकल्या. जिनें स्वतः उपास काढले होते, तिला उपाशी मुलीचा चेहरा ओळखावयास वेळ लागला नाहीं. आपला ओढा आटल्याचें दुःख तिनें दुसऱ्याची घागर भरण्याच्या कामीं लाविलें.

येथें एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. त्या काळच्या दुष्काळांत मिशनांनीं अनाथ मुलांकरितां घरें उघडलीं. त्या मुलांच्या वंशजांपैकीं कितीएक आज आमच्या मंडळ्यांत आहेत, आणि भाकरीसाठीं ख्रिस्ती झाले हा टोमणा त्यांनीं ऐकला आहे. बंधूंनो, त्यानें मान खालीं घालूं नका. सारफथच्या विधवेलाही देवाची ओळख पिठाच्या मडक्यापाशींच झाली. परंतु हेंही विसरूं नका कीं, त्या पिठाच्या बदल्यांत एलीयानें तिच्याकडून कांहीं कबूल करून घेतलें नाहीं. म्हणून आमच्या हातून जी भाकर जाईल ती निरपेक्ष जावी. ख्रिस्ती माणसाच्या विहिरीवर पाणी भरणाऱ्याला त्याची जात किंवा त्याचा देव विचारला जाऊं नये.

आतां शेवटली व सर्वांत कठीण गोष्ट. मडकें सरत नव्हतें, तेल आटत नव्हतें, आणि त्याच घरांत त्या विधवेचा मुलगा आजारी पडून गतप्राण झाला. विश्वास ठेविल्यावर संकट आलें. ती बाई संदेष्ट्यावर रागावली, आणि संदेष्ट्यानेंही देवाला विचारलें कीं, हिच्यावरही तूं हें अरिष्ट आणलेंस काय? देवानें त्या आक्रोशाबद्दल दोघांपैकीं एकासही दोष दिला नाहीं. ज्याच्याशीं भांडतां येतें तोच बाप. देवापुढें रडणें व त्याला कां म्हणून विचारणें हा अविश्वास नव्हे. त्याच्याकडे पाठ फिरवून गप्प बसणें यांत मात्र धोका आहे.

पुढें एकदां हाच एलीया इतका खचला कीं, रानांत एका झुडपाखालीं बसून त्यानें आपला जीव मागितला (१ राजे १९:४). तेव्हां देवानें त्याला उपदेश केला नाहीं. त्याला झोंप दिली, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी दिलें, पुन्हां झोंपूं दिलें, आणि नंतर अलीशा हा सोबती दिला. उपदेशकांनो, कर्जाच्या ओझ्याखालीं दबलेला कोणी बंधु, आतां जगणें नको, असें बोलूं लागला तर त्याला दटावूं नका आणि एकटें सोडूं नका. त्याच्याजवळ बसा, त्याला जेवावयास घाला, रात्रीं त्याच्या घरीं राहा, दुसऱ्या दिवशीं त्याला घेऊन वैद्याकडे जा. देवानें एलीयाचें जें केलें तेंच तुम्हीं करा.

सारफथ येथें देवानें त्या विधवेचा मुलगा परत दिला. पण प्रत्येक घरीं असें होत नाहीं, आणि होतें असें आम्ही म्हणूं तर तुम्ही आम्हांस खोटे ठरवाल. रमाबाईंची एकुलती एक मनोरमा १९२१ सालीं वारली. ती परत आली नाहीं. तिच्यामागें रमाबाई एक वर्षही पुरतें जगल्या नाहींत. परंतु पुष्कळ वर्षांपासून हातीं घेतलेलें बायबलाच्या मराठी भाषांतराचें काम त्यांनीं टाकलें नाहीं. १९२२ च्या एप्रिलांत त्या प्रभूकडे गेल्या, आणि १९२४ सालीं तें संपूर्ण बायबल प्रसिद्ध झालें. ज्या देवानें मुलगी परत दिली नाहीं, त्याचेंच वचन आपल्या लोकांच्या हातीं देण्यासाठीं त्यांनीं उरलेले दिवस वेंचले. असा विश्वास कोठून येतो? तो मडक्यांतून येत नाहीं. तो त्याच्याकडून येतो, ज्यानें नाईन गांवीं विधवेच्या मुलाला उठविलें, पण आपल्या वेळीं वधस्तंभावरून खालीं उतरला नाहीं. तोही पित्याला कां म्हणून हांक मारून मेला, आणि तिसऱ्या दिवशीं उठला. त्याच्या उठण्यांत आमच्या सर्व गेलेल्यांचें उठणें आहे. सारफथच्या मुलाला पुन्हां एकदां मरावें लागलें असेल, पण ख्रिस्तांत जे उठतील त्यांस पुन्हां मरण नाहीं.

तर प्रियहो, या आठवड्यांत तीन गोष्टी करूं. रोज स्वयंपाकाच्या वेळीं एक मूठ पीठ किंवा धान्य बाजूला काढूं, आणि शनिवारीं तें आपल्याहून अडचणींत असलेल्या घरीं पोंचवूं. मूठ लहान आहे म्हणून लाजूं नये, कारण त्या विधवेचीही मूठच होती. दुसरें, जें कुटुंब उपासनेस यावयाचें थांबलें आहे त्याच्या घरीं जाऊं, आणि कां आलां नाहीं असें न विचारतां, कसे आहां असें विचारूं. तिसरें, ज्याला मदत हवी आहे त्यानें संकोच सोडून पाळकाला किंवा वडिलांपैकीं एकाला सांगावें.

प्रार्थना : हे पित्या, आमचा ओढा आटला आहे, हें तूं पाहतोस. पुढें कोठें जावें तें आम्हांस दिसत नाहीं. तुझें वचन येईपर्यंत आम्हांस धीर दे, आणि आल्यावर उठावयास बळ दे. आजची भाकर आज दे, आणि तिच्यांतील घांस दुसऱ्याला द्यावयाचें मन दे. आमचीं जीं माणसें तूं नेलींस त्यांस तूं सांभाळितोस हा भरंवसा आमच्या अंतःकरणांत राख. येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.